माटुंग्याचं जेवण

आमच्या मामंजींनी उभ्या आयुष्यात हॉटेलचा चहा घेतला नाही. कोर्टाच्या कामाला गुलबर्ग्याला जायचे (तेव्हा कलबुर्गी म्हणत नव्हते, ते नाव 2014 मध्ये आलं), तेव्हा त्यांच्या पिशवीत फुटाणे, गूळ, दोन केळी आणि गाळलेल्या पाण्याचा तांब्या असायचा. तारीख लांबली की दिवसभर त्याच्यावर. वकील म्हणायचे, ‘चला सावकार, समोर उडप्याचं हॉटेल आहे, शुद्ध शाकाहारी, ब्राह्मण स्वयंपाकी.’ मामंजी हसायचे आणि फुटाण्याची पुडी पुढं करायचे. दिवस मावळायच्या आत घरी पोचलं नाही तर तसेच उपाशी झोपायचे. आत्याबाईंना वाईट वाटायचं, पण त्यात एक अभिमानही होता. आमच्या खजुरीत अजून म्हातारी माणसं त्यांची ही गोष्ट सांगतात.

अशा घरात मी 1992 मध्ये सून म्हणून आले. मी सोलापूरला शिकलेली, बी.ए. झालेली. आणि खरं सांगायचं तर कॉलेजात असताना मैत्रिणीबरोबर दोनदा मसाला डोसा खाल्लेली. पहिल्या वेळी आतली बटाट्याची भाजी चमच्यानं बाजूला सारून नुसती कडा खाल्ली. दुसऱ्या वेळी बाजूला सारली नाही. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. आता आत्याबाईंना दिसत नाही, त्यांना कुणी हे वाचून दाखवलं तर दाखवू दे.

तर या डिसेंबरात मी माटुंग्याला एका उडपी हॉटेलात जेवायला गेले होते. नुसती जेवायला नव्हे. धाकट्या लेकीनं एक मुलगा पसंत केलाय, त्याच्या आईवडलांना भेटायला. लेक मुंबईत नोकरीला आहे, चार मुलींबरोबर घाटकोपरला खोली करून राहते. मुलगा तिच्याच ऑफिसातला. त्याचे वडील उडपी हॉटेलवाले, गाव कारकळकडं. ‘जैन आहेत का?’ मी फोनवर पहिला प्रश्न हाच विचारला. कारकळ म्हटल्यावर कुठल्याही जैन बाईला गोमटेश्वरच आठवणार ना! 1432 मध्ये उभी केलेली मूर्ती, एकाच दगडातली, मी लहानपणी यात्रेला गेले होते तेव्हा पाहिलेली. लेक थोडं थांबून म्हणाली, ‘नाही गं आई. बंट आहेत. शेट्टी.’

हे म्हणाले, ‘तू बघून ये, मग बोलू.’ त्यांना तुरीची रास सोडून येता येत नव्हतं. आत्याबाईंना आम्ही सांगितलं, पोरीला भेटायला चाललेय. ते काही खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं. त्यांनी अंथरुणातूनच विचारलं, ‘पाणी घेऊलालीस का संगट?’ मी म्हटलं, घेतलंय. ‘तिथलं न गाळता पिऊ नको बघ. बायका बाहेर पडल्या की पहिलं पाणी सुटतं, मग बाकीचं सुटतं.’

उमरग्याला येऊन सोलापूरची बस, सोलापुरातून रात्रीची सिद्धेश्वर. सोलापूरच्या स्टेशनवर दिवस मावळायच्या आत दशमी आणि शेंगाची चटणी खाऊन घेतली. आमच्या चटणीत लसूण नसतो, जिरं आणि हिंग. डब्यात समोरच्या बर्थवरची बाई म्हणाली, ‘एवढ्या लवकर जेवलात?’ मी म्हटलं, आमच्यात असंच असतं. ती म्हणाली, ‘हो का, मारवाडी का तुम्ही?’ आता तिला सैतवाळ कुठून समजावून सांगणार! आम्ही मराठी बोलणारे दिगंबर जैन, कर्नाटकात राहणारे. आमची खजुरी 1956 पर्यंत हैदराबाद राज्यात होती, मग म्हैसूर राज्यात गेली, त्याचं 1973 मध्ये कर्नाटक झालं. घरात मराठी, बाजारात कन्नड, दर्ग्याच्या उरुसात दखनी. बंगळूरला आमच्या थोरल्याला मराठी म्हणतात आणि मुंबईत धाकटीच्या खोलीतल्या मुली तिला साउथ इंडियन म्हणतात. तिनं इडली चांगली करावी अशी त्यांची अपेक्षा असते. तिला इडली करता येत नाही, कारण आमच्या घरात आंबवलेलं पीठ ठेवतच नाहीत.

इथं जरा थांबून हे सांगायला पाहिजे, कारण आपल्यातल्याही नव्या पोरींना हे माहीत नसतं. मुंबईच्या हॉटेलात ‘जैन’ म्हटलं की कांदा, लसूण, बटाटा नाही, एवढंच. जैन पावभाजी, जैन पिझ्झा, जैन शेजवान डोसा. बटाट्याच्या जागी कच्चं केळं घालतात. चांगलं लागतं, नाही म्हणत नाही मी. पण आत्याबाईंच्या हिशेबात हे सगळं पहिलीतलं पुस्तक. खरी यादी पुढं आहे. पिठाची मर्यादा, म्हणजे पावसाळ्यात 3 दिवस, उन्हाळ्यात 5, थंडीत 7, त्यानंतर ते पीठ चालत नाही. रात्रभर भिजून आंबलेलं चालत नाही, म्हणजे इडली गेली, डोसा गेला, उत्तप्पा गेला. कच्च्या दह्यात डाळ मिसळली की द्विदल, म्हणजे दहीवडा गेला. अंधार पडल्यावर काहीच नाही. आता हे सगळं धरून दक्षिणी हॉटेलात गेलं तर हातात काय राहतं? नारळपाणी! मी काही आत्याबाईंएवढी काटेकोर नाही. कांदा, लसूण, कंद आणि रात्रीचं जेवण, एवढं पाळते. बाहेर गेले तर इडली खाते. दहीवडा मात्र कधी गळ्याखाली उतरला नाही, लहानपणापासूनचा तो धाक आहे.

रविवारी सकाळी लेकीनं मला माटुंगा स्टेशनवर उतरवलं. मध्य रेल्वेचं हे स्टेशन 2017 पासून सगळं बायकाच चालवतात. तिकीट देणारीपासून स्टेशन मास्तरपर्यंत बायका. लेकीनं ते मला मुद्दाम दाखवलं, मला खूश करायला. पोटात गोळा आलेला असताना खूश कसं होणार? पण गणवेशातली एक बाई डबा उघडून घाईनं पोहे खात होती ते बघून बरं वाटलं खरं.

बाहेर आलं की फुलांचा बाजार. शेवंती, मोगऱ्याचे गजरे, केळीची पानं गठ्ठ्यानं. पाट्या मराठीत, इंग्रजीत, मधेच एखादी तमिळमध्ये. हे माटुंगा म्हणजे मुंबईतलं दक्षिणेचं घरच. रामाश्रय 1939 चं, रामा नायकांचं उडिपी श्रीकृष्ण बोर्डिंग 1942 चं, कॅफे मद्रासही त्याच सुमाराचं. नोकरीला आलेल्या एकट्या कारकुनांना पोटभर आणि स्वस्त जेवण लागायचं, ते या लोकांनी दिलं. उडुपीच्या कृष्णमठात आठ मठ पाळीपाळीनं पूजा करतात, यात्रेकरूंच्या पंगती उठतात. तिथं स्वयंपाक शिकलेले भट बाहेर पडले आणि गावोगाव हॉटेलं निघाली, मग शेट्टी लोक धंद्यात आले. पुण्यातलं वैशालीसुद्धा आधी मद्रास हेल्थ होम होतं. जेवायला बोलावलं होतं ते हॉटेल असंच जुनं, पहिल्या मजल्यावरचं. लाकडी जिना, संगमरवरी टेबलं, भिंतीवर कृष्णाची तसबीर, आणि खाली रांग. त्याचे वडील मालकाच्या ओळखीचे, म्हणून आमचं टेबल धरून ठेवलेलं होतं.

मुलगा जिन्यातच भेटला. वाकून नमस्कार केला. उंच, सावळा, दाढी नीट कातरलेली. मला पहिल्यांदा काय जाणवलं सांगू? त्यानं माझ्या हातातली पिशवी घेतली, तिच्यातून पाण्याची बाटली ठिबकत होती, तर ती त्यानं सरळ धरली आणि काही बोलला नाही.

त्याची आई साठीच्या आतबाहेर, सुती साडी, अंबाड्यावर अबोलीचा गजरा. वडील बुटके, पांढरा शर्ट, तोंडात सारखं ‘बसा बसा’. नवराबायको आपसात बोलायला लागले आणि माझी फजितीच झाली. मला वाटलं होतं, कन्नड येतंय आपल्याला, काय बोलतात ते कळेल. पण ते तुळू! एक अक्षर कळेना. मग मी आपली आमच्याकडची कन्नड काढली. वाढप्याला विचारलं, ‘उळ्ळागड्डी हाकीरेन री?’ म्हणजे कांदा घातलाय का? तो पोरगा बावचळून बघायला लागला. त्याच्याकडं कांद्याला ‘ईरुळ्ळी’ म्हणतात. त्याचे वडील मोठ्यानं हसले. म्हणाले, ‘गुलबर्गा कन्नड! किती वर्षांनी ऐकतोय. ते ‘री’ ऐकलं की मस्त वाटतं.’ पुढं सगळं बोलणं मराठीत झालं. त्यांचं मराठी मुंबईचं, पण पक्कं.

पानं मांडली. टोकाला मीठ, लोणचं, कोसंबरी. नाव ऐकूनच आपली कोशिंबीर आठवते, पण ही भिजवलेल्या मूगडाळीची, काकडी आणि खोबरं घातलेली. मग दोन भाज्या, भात, सांबार, सारू, पापड. आमच्या टेबलाचं सांबार त्यांनी आधीच सांगून वेगळं, बिनकांद्याचं करून घेतलं होतं. धने, मेथी, ब्याडगी मिरची भाजून ओल्या खोबऱ्यात वाटलेली, लाल भोपळा घातलेला, वरून हिंगाची फोडणी. वरणभातावर वाढलेल्या माझ्यासारखीला गोडसर लागतं ते, पण दुसऱ्यांदा घ्यावंसं वाटलं. मी म्हटलं, डाळ छान शिजलीय. ते म्हणाले, ‘आमच्या धंद्यात गुलबर्ग्याची तूरडाळच पाहिजे. लवकर शिजते, चवीला वेगळी.’ मला एकदम उर भरून आलं. आमच्या कलबुर्गीच्या तुरीला 2019 मध्ये जीआय मानांकन मिळालं तेव्हा गावात काही कुणाला त्याचं फारसं वाटलं नव्हतं, भाव काय मिळणार एवढंच सगळे विचारत होते. आणि इथं हा माणूस माझ्या नवऱ्याच्या शेतातल्या मालाचं कौतुक करत बसला होता. म्हटलं, बघा, आमचे हे तिकडं राशीवर आहेत आणि मी इथं तीच तूर खातेय.

असं सगळं बरं चाललं होतं. तेवढ्यात मुलानं आपण होऊन माझ्यासाठी दहीवडा मागवला. ‘आंटी, याच्यात कांदा-लसूण काही नाही, मी विचारून घेतलंय.’ बिचाऱ्यानं चौकशी करून मागवलेला. पांढऱ्या वाटीत दोन वडे, वर कोथिंबीर. माझा हात पुढं होईना. लेक माझ्याकडं बघत होती. तिच्या डोळ्यांत ‘आई, प्लीज’ असं लिहिलेलं. एका वड्याचा प्रश्न होता. खाल्ला असता तर काय आभाळ कोसळणार होतं? मसाला डोसा खाल्ला होताच की मी. पण तो चोरून खाल्ला होता आणि तेव्हा मी वीस वर्षांची होते. इथं मी एका घराची बाई म्हणून बसले होते. आज खाल्ला तर उद्या त्या घरानं आमच्याबद्दल जे धरून चालावं ते मीच खोटं ठरवणार. मी वाटी हळूच बाजूला केली. म्हटलं, ‘बाळा, माफ कर. डाळ आणि कच्चं दही आम्ही एकत्र खात नाही. द्विदल म्हणतात त्याला.’

मला वाटलं, आता तोंडं उतरणार. त्याचे वडील जेवता जेवता थांबले. ‘द्विदल? अहो, हा शब्द तर आमच्या भटाचा!’ आणि मग त्यांनी सांगितलं ते मला नवीन होतं. उडुपीच्या मठातले माध्व ब्राह्मण चातुर्मासात चार महिने चार व्रतं पाळतात. पहिल्या महिन्यात भाजीपाला नाही, दुसऱ्यात दही नाही, तिसऱ्यात दूध नाही आणि चौथ्यात द्विदळ, म्हणजे डाळी-कडधान्यं नाहीत. ‘मी बारा वर्षांचा असताना मामानं मुंबईला आणलं. कपबशा विसळायच्या, दिवसभर उभं, रात्री कन्नड नाइट स्कूल. किचनमध्ये भट जे जेवायचा तेच आम्ही पोरं जेवायचो. कार्तिकात तो डाळ खायचा नाही, नुसता भात-ताक-भाजी. आम्ही चिडवायचो त्याला.’ त्यांचं द्विदळ वेगळं आणि आपलं द्विदल वेगळं, तेही मी सांगितलं. पण शब्द एकच निघाला, आणि टेबलावरची हवा जरा सैल झाली. मुलानं दहीवडा गपचूप स्वतःकडं ओढून खाल्ला.

मग ते बोलत सुटले. त्यांच्यात वारसा मामाकडून भाच्याकडं जायचा, अळिय संतान म्हणतात, म्हणून मामाच भाच्यांना हॉटेलात आणत. 1966 नंतर शिवसेनेचं दाक्षिणात्यांविरुद्ध जे चालू झालं, त्यात मामाच्या हॉटेलची काच फुटली होती. ‘दुसऱ्या दिवशी दगड मारणाऱ्यांतलाच एक पोरगा चहाला आला. मामानं चहा दिला. पैसे घेतले पण!’ असं म्हणून स्वतःच हसले. मी काय बोलणार? मी मराठी म्हणून गप्प बसायचं, का कर्नाटकची म्हणून चिडायचं, तेच कळेना. आमच्या सीमेवरच्या माणसांचं हे नेहमीचंच आहे. दोन्ही बाजूंची भांडणं आपल्यावर येतात आणि आपल्याला बाजू काही घेता येत नाही.

त्याची आई इतका वेळ फार बोलली नव्हती. पानावर ताकभात आला तेव्हा तिनं विचारलं, ‘धर्मस्थळाला गेलाय का हो तुम्ही?’ मी म्हटलं, दोनदा. ‘आमचा नवस असतो तिथं दर वर्षी. देव मंजुनाथ, पूजा करणारे वैष्णव भट आणि हेग्गडे तुमचे, जैन. तिथं सगळ्यांनी एकत्र जेवायचं. आम्हाला लहानपणापासून हेच माहीत.’ मला तिचं बोलणं आवडलं. मला वाटलं, हिनं हे घरून ठरवून आणलंय. मीही ठरवून आणलेलं सांगितलं. मूडबिद्रीच्या बसदीत ताडपत्रावरचे धवल ग्रंथ शेकडो वर्षं जपून ठेवलेले होते, त्यांची नक्कल करून बाहेर आणायला आमच्या सोलापूरच्या हिराचंद नेमचंदांनी किती खटपट केली, पुढं 1939 पासून ते छापून यायला लागले, तुमच्या मुलखाचं आमच्यावर केवढं ऋण आहे, वगैरे. लेक माझ्याकडं कौतुकानं बघायला लागली. क्षणभर मला वाटलं, जमतंय की सगळं. कारकळ काय, मळखेड काय, एकाच धर्माच्या राजांची गावं. आमच्या जिल्ह्यातल्या मळखेडला राष्ट्रकूटांचा अमोघवर्ष जैन होता, आणि यांच्या कारकळला गोमट. हजार वर्षांची सोयरीक आहे असं म्हणायला काय हरकत?

पण मनात एक गोष्ट टोचत होती आणि ती कुणीच काढत नव्हतं. शेवटी त्या बाईनंच काढली. पान आपल्याकडं दुमडता दुमडता म्हणाली, ‘वहिनी, एक सांगते. नंतर कळण्यापेक्षा आत्ता. आमच्या हॉटेलात अंडंसुद्धा येत नाही. पण घरात मासे होतात. सोमवारी नाही, नागाच्या दिवशी नाही, बाकी होतात. हे जेवतात, पोरगा जेवतो, मी जेवते. तुमच्या मुलीला कुणी खा म्हणणार नाही. वेगळी भांडी ठेवू. पण नाहीत म्हणून खोटं सांगणार नाही.’

मला माहीत नव्हतं असं नाही. शेट्टी म्हटल्यावर कुणालाही कळतं. पण माहीत असणं वेगळं आणि हात पानावर असताना ऐकणं वेगळं. माझा शेवटचा घास तोंडातच राहिला. आपल्यात मुंगी पायाखाली आली तर दिवसभर चुटपुट लागते. आत्याबाई भाजी निवडताना एकेक पान उजेडाला धरतात, म्हणजे धरत होत्या, दिसत होतं तोवर. आणि ती बाई हे सगळं जाणून माझ्यासमोर बसून सरळ सांगत होती. तिनं सांगितलं नसतं तर मला राग आला असता. सांगितलं म्हणूनही राग आला. मग रागही धड टिकेना. मी एवढंच म्हटलं, ‘सांगितलंत ते बरं केलंत.’ वडील वाढप्याला उगाचच कॉफी लवकर आण म्हणून ओरडले.

कॉफी पितळी वाटी-पेल्यात आली, फेसाळ. वाटीत ओतून पेल्यात, पेल्यातून वाटीत, असं त्यांनी मला करून दाखवलं. माझ्याकडून टेबलावर सांडली. त्या बाईनं पदरानंच पुसली, फडकं मागवायच्या आत. बिल कुणी द्यायचं यावरून नेहमीची ओढाताण झाली आणि मी हरले.

परत लोकलमध्ये बायकांच्या डब्यात लेक खिडकीशी बसली. बराच वेळ कुणी बोललं नाही. शीव गेल्यावर मी विचारलं, ‘तू खातेस?’ तिला कळलं मी काय विचारतेय. ‘नाही.’ मग थोड्या वेळानं म्हणाली, ‘कांदा खाते. बटाटाही. दोन वर्षं झाली. तुला सांगायचं होतं.’ मी मान हलवली. कांद्याचं मला काही वाटलं नाही, निदान त्या दिवशी तरी नाही. एवढ्या मोठ्या गोष्टीपुढं कांद्याला कोण विचारतंय! ‘आणि घरात, शेजारच्या ताटात मासा असला तर? त्याचा वास? ते चिरणं?’ ती म्हणाली, ‘आई, ऑफिसात माझ्या शेजारी बसून सगळे खातात. आता मला काही वाटत नाही.’

हे वाक्य मला लागलं. तिनं खाल्लं असतं तर मी रडले असते, भांडले असते, प्रायश्चित्त घे म्हटलं असतं. पण काही वाटत नाही, याच्याशी भांडायचं कसं? त्यासाठी मी तिला पाठशाळेत घातलं, दशलक्षणात उपास करायला शिकवलं, पाणी गाळायचं शिकवलं ते काय नुसतं हातांना शिकवलं? का असं आहे की मुंबईत चार मुलींबरोबर एका खोलीत राहायचं तर एवढं वाटून चालतच नाही? मीही सिद्धेश्वरच्या डब्यात समोरची बाई आम्लेट खात होती तेव्हा खिडकीकडं तोंड करून बसलेच होते. उठून गेले नव्हते. मैत्रिणींनो, तुमच्यापैकी कितीजणी उठून जाल?

ते सगळं मी तिला बोलले नाही. घाटकोपरला उतरलो, तिनं दिवस मावळायच्या आत मला खिचडी करून वाढली. हिंग-जिऱ्याची, आपल्यासारखी. स्वतःही माझ्याबरोबर तेव्हाच जेवली. पाणी तिनं गाळून भरलं, फिल्टरचं होतं तरी. माझ्यासाठी का सवयीनं, ते मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरी पोचले. राशीची धूळ अंगणभर. हे शेतातून आले नव्हते. आत्याबाईंनी आवाजावरून ओळखलं. जवळ बसवून घेतलं आणि हात चाचपला. ‘पोरगी बरी आहे?’ बरी आहे. ‘काय खाल्लंस तिथं?’ मी सगळं सांगितलं. पान, मीठ, कोसंबरी, सांबार, आपली तूर. दहीवडा परत केला तेही. त्या खूश झाल्या. ‘द्विदल पाळलंस. तुझ्या मामंजींनी ऐकलं असतं तर...’ असं काहीतरी पुटपुटल्या. मग एकदम म्हणाल्या, ‘ज्येनी जेवायला घातलं ते लोक घरात काय खातेत?’

मी त्यांना कुणाला भेटायला गेले ते सांगितलंच नव्हतं. ह्यांनी सांगितलं होतं का, का त्यांनीच ताडलं, कोण जाणे. डोळे गेल्यापासून त्यांना जास्तच दिसतं असं आमच्या घरात सगळे म्हणतात.

मी म्हटलं, ‘मासे.’

त्या काही बोलल्या नाहीत. माझा हात हातात तसाच होता. बाहेर गाडी अंगणात वळली, ह्यांचा आवाज आला. बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं, ‘त्या बाईनं सांगितलं का तू विचारलीस?’

‘तिनंच सांगितलं.’

‘हं,’ आत्याबाई म्हणाल्या. ‘दिवस किती राहिलाय बघ. पाणी गाळ आधी, त्याला जेवायला वाढ. मग तिघं बसून बोलू.’